अतिक मन्यार बेंचवरून उठला नाही

जळगावात मेहरुणला इसाक मन्यारचं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याच्या शेडचे सांगाडे असली कामं तिथे होतात. इसाकचा हात जड होता आणि तो लवकर उठायचा. कारागिराची सांधणी वाकडी गेली की पाठीत बुक्का, आणि घरात कुणी उलटून बोललं की थोबाडीत. अतिक त्याचा थोरला मुलगा. मार खातच तो वाढला, आणि सव्वासहा फूट उंच झाल्यावर मार द्यायलाही शिकला.

स्वप्नील भोळेशी त्याची ओळखच मारामारीतून झाली. स्वप्नील असोद्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज बसने जळगावच्या शाळेत यायचा. बास्केटबॉलच्या मैदानावर पाळी कुणाची यावरून दोघांची जुंपली. अतिकने स्वप्नीलचा पुढचा दात पाडला आणि स्वप्नीलने त्याच्या कानाला असा कडकडून चावा घेतला की टाके घालावे लागले. खेळाच्या सरांनी दोघांना महिनाभर एकाच संघात खेळायची शिक्षा दिली. महिना संपला, तरी दोघं सुटे झाले नाहीत.

पण दोघांचा खेळ वेगळा. स्वप्नीलच्या हातात चेंडू गेला की तो हातालाच चिकटल्यासारखा वाटायचा. अतिक रिंगखाली उभा राहायचा आणि येईल त्याला अंगाने अडवायचा. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो, आणि अतिकचे पाच फाउल बहुतेक वेळा अर्ध्या सामन्यातच भरायचे.

खान्देश आणि आसपासच्या शहरांची पगारी लीग सुरू झाली तेव्हा जळगावच्या संघाला ‘गिरणा’ आणि धुळ्याच्या संघाला ‘पांझरा’ अशी नावं पडली. गिरणाच्या पहिल्या पाचांत स्वप्नील होता. अतिक बेंचवर. संघाचे मालक पाइपच्या कारखान्याचे धनी. बेंचवरच्या सात जणांना बघून ते प्रशिक्षकांना म्हणाले होते, “पंडित सर, हे बसून राहणारे कशाला पोसायचे? तिघं ठेवा. बाकीच्या पगारात नागपूरहून एक चांगला खेळाडू आणू.”

पंडित सर भुसावळचे. जन्मभर रेल्वे कॉलनीच्या मैदानावर खेळलेले, गुडघे गेलेले. ते म्हणाले, “साहेब, खेळाडू चांगला आणाल, पण त्याचा पाय मुरगळला तर खेळणार कोण? तुम्ही?”

मालक हसले आणि विषय तिथेच राहिला.

पहिल्याच मोसमात अतिकने सरांचा हा शब्द मातीत घातला. नाशिकच्या संघाशी सामना होता. धक्काबुक्की झाली, एकाने स्वप्नीलचा गळा धरला, आणि अतिक बेंचवरून उठून धावला. त्याच्यामागे आणखी चौघं. अतिकने त्या माणसाच्या जबड्यावर ठोसा मारला, तो आडवा झाला, अख्ख्या सभागृहाने शिट्ट्या वाजवल्या. मग पंचांनी नियम सांगितला. मैदानावर भांडण सुरू असताना बेंचवरून जो पाऊल आत टाकेल तो सामन्यातून बाद, मग त्याने कुणाला हात लावलेला असो वा नसो. गिरणाचे पाच जण एका झटक्यात गेले. उरलेले दमले, दोघं फाउलवर बाहेर पडले, आणि जिंकत आलेला सामना हातचा गेला. अतिकवर मोसमभराची बंदी आली.

सगळ्यांना वाटलं, पंडित सर त्याला हाकलणार. सरांनी त्याला मैदानावर बोलावलं.

“तुला काय वाटलं, तू स्वप्नीलला वाचवलंस?”

“गळा धरला होता त्याचा, सर.”

“मैदानावर आपले चौघं होते. पंच होते. गळा सुटला असता. तू आलास म्हणून काय सुटलं? सामना.” मग म्हणाले, “बेंच म्हणजे दुसरा संघ आहे. पहिला संपला की तो लागतो. तुम्ही पण पहिल्याबरोबर संपलात, तर मग मी कुणाला पाठवू?”

त्या वर्षी सरांनी सराव बदलला. सकाळी पहिले पाच विरुद्ध बेंचवरचे पाच, आणि शिट्टी नाही. कोपर लागो, गुडघा लागो, खेळ थांबायचा नाही. धुळ्याचा सेंटर, म्हणजे रिंगखालचा गडी, योगेंद्र गिरासे जसा खेळतो तसं खेळायचं काम अतिकला दिलं होतं. गिरासे म्हणजे बैलासारखा माणूस. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उडालेल्या चेंडूला, उडी मारताना दोन्ही कोपरं बाहेर काढायचा. अतिक तशीच कोपरं काढायचा आणि समोर बहुतेक वेळा स्वप्नील असायचा. त्याच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या, ओठ फुटला. एकदा तो जमिनीवर पडल्या पडल्या ओरडला, “अत्या, मला मारून टाकशील का लेका?”

“धुळ्यात मरण्यापेक्षा इथं मर,” अतिक म्हणाला आणि त्याला हात देऊन उठवलं.

पुढच्या मोसमात अतिकची बंदी संपली आणि गिरणाचा संघ बदलला. पहिले पाच दमले की दुसरे पाच यायचे आणि समोरच्यांना श्वास घेऊ द्यायचे नाहीत. सामने शेवटच्या क्वार्टरमध्ये फिरायला लागले. मालक आता बेंचवरच्यांनाही नावाने हाक मारू लागले होते.

उपांत्य सामना धुळ्यात होता.

सभागृह पत्र्याचं, एप्रिलचा महिना, भर दुपार. लोक रेषेला पाय टेकून बसलेले. पहिल्या मिनिटापासून खेळ कमी आणि अंगावर जाणं जास्त. गिरणाच्या सेंटरचं नाक फुटलं. पांझराच्या एका खेळाडूचं बोट उलटं वळलं, ते त्याने स्वतःच ओढून सरळ केलं आणि पुन्हा खेळायला लागला. प्रेक्षकांतून पाण्याच्या पिशव्या येत होत्या. “मार त्याले! मोड त्याना पाय!” असं लोक ओरडत होते आणि पंचांची शिट्टी कुणाला ऐकू जात नव्हती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पांझरा अकरा गुणांनी पुढे होता. रिंगवरून चेंडू उडाला. गिरासे आणि स्वप्नील दोघांनी उडी मारली. गिरासेचं कोपर स्वप्नीलच्या डाव्या डोळ्यावर बसलं. बेंचपर्यंत आवाज आला. स्वप्नील खाली पडला, तोंडावर हात, बोटांमधून रक्त. गिरणाच्या सेंटरने गिरासेला ढकललं, गिरासेने त्याच्या छातीत डोकं मारलं, आणि मग कुणी कुणाला मारतंय ते कळेना. पडलेल्या स्वप्नीलला पांझराच्या दुसऱ्या एका खेळाडूने लाथ मारली. मग आणखी एक.

पांझराच्या बेंचवरून कुणीतरी ओरडलं, “बठ्ठा उठा रे! योगेंद्रले मारी ऱ्हायनात!” आणि सातच्या सात जण आत घुसले.

गिरणाच्या बेंचवरही सगळे अर्धवट उठले होते. रेषेच्या सगळ्यांत जवळची खुर्ची अतिकची. तो उठला नाही. त्याने दोन्ही हात आडवे केले. उजवीकडच्याची जर्सी मुठीत धरून त्याला खाली ओढलं.

“बसा! कुणी पाय टाकायचा नाही!”

संघातला सगळ्यांत गरम डोक्याचा अल्तमश त्याच्या हाताखालून निसटला. अतिकने बसल्या बसल्या त्याच्या पोटात कोपर मारलं. अल्तमश वाकला. अतिकने त्याची मान धरून त्याला खुर्चीत दाबलं.

“छोड़ मेरेको! मार डालेंगे उसको!”

“बैठ!” अतिक म्हणाला. “तू गेलास की आपण गेलो.”

त्याच वेळी स्वप्नीलने पायांच्या गर्दीतून मान वर केली. एक डोळा रक्ताने मिटलेला, दुसरा उघडा, आणि तो सरळ बेंचकडे बघत होता. त्याने हाक मारली. “अत्या!”

अतिकने ती ऐकली. अल्तमशच्या मानेवरची त्याची पकड इतकी घट्ट झाली की पुढे आठवडाभर तिथे बोटांचे वळ होते. पण तो उठला नाही.

पंडित सर मात्र आत गेले. भांडण सोडवायला प्रशिक्षकाला परवानगी असते. त्यांनी स्वप्नीलवर अंग टाकलं आणि दोन लाथा स्वतःच्या पाठीवर घेतल्या. मग पोलीस आले.

स्वप्नीलला स्ट्रेचरवरून नेलं. पंचांनी टेबलाशी बसून निर्णय दिला. गिरणाचे ठोसे मारलेले दोघं बाद. पांझराचा गिरासे आणि लाथा मारणारा, दोघं बाद. आणि पांझराचे बेंचवरचे सातही जण बाद. क्षणभर सभागृहाला हिशेब कळला नाही. कळला तेव्हा आरडाओरडा उठला. धुळ्याचे तिघंच उरले होते. जळगावच्या बेंचवर सात जण बसलेले होते.

अतिक आत गेला. पुढचा खेळ फार कुरूप होता. ते तिघं जीव तोडून खेळले. अतिक रिंगखाली उभा राहिला आणि एकेक चेंडू काढत गेला. कुणीतरी त्याच्या पोटात गुद्दा मारला, त्याने उलटा हात केला नाही. वरून प्लॅस्टिकची खुर्ची आली, त्याच्या डोक्याला खोक पडली. रक्त थांबेपर्यंत नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसवलं. त्याच्या जागी दुसरा गेला, पट्टी बांधून अतिक परत आला आणि तो दुसरा दमलेल्याच्या जागी राहिला. पांझराच्या तिघांकडे बदलायला कुणी नव्हतं. एकाचे पाच फाउल भरले. शेवटी दोघंच उरले, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत. लोक रडत होते, शिव्या देत होते. गिरणा जिंकली, पण कुणी हात वर केले नाहीत. पोलिसांच्या गाडीतून त्यांना महामार्गापर्यंत सोडलं.

स्वप्नीलचा डावा डोळा गेला. आधीच्या कोपराने गेला की नंतरच्या लाथेने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सामना मोबाईलवर दिसत होता. असोद्यात सगळ्यांनी पाहिला. डोक्याला पट्टी बांधलेला अतिक जळगावच्या दवाखान्यात गेला तेव्हा स्वप्नीलची आई वच्छलाबाई दाराशी बसली होती. ती उठली आणि तिने अतिकच्या कानाखाली वाजवली. मग दुसऱ्या गालावर. हा माणूस लहानपणापासून तिच्या घरी जेवलेला.

“माह्या पोराले लाथा घालत होते आन् तू बसेल होता! काहून नही उठला?”

अतिकने तोंड बाजूलाही केलं नाही. “अक्का, एकदा बघू द्या त्याला.”

“नही पाहू देत. जाय.”

तो पायऱ्यांवर बसून राहिला. संध्याकाळी आतून निरोप आला, स्वप्नीललाही भेटायचं नाही.

अंतिम सामन्यात अतिक पहिल्या पाचांत खेळला आणि गिरणाने चषक जिंकला. मालकांनी पुढच्या वर्षासाठी स्वप्नील सोडून बाकीच्या अकराही जणांशी करार केले, बेंचवरच्यांचा पगार वाढवला आणि भाषणात त्याचं श्रेय स्वतःच्या दूरदृष्टीला दिलं. अतिक त्या समारंभाला गेला नाही. वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागला. इसाक आता थकला होता, पण बोलायचं सोडत नव्हता. “दोस्त मार खा रहा था और तू बैठा रहा. मेरा बेटा होके!” अतिक जन्मात पहिल्यांदा बापावर धावून गेला, हातातली सळई वर उचलली, आणि आई खातून मध्ये आली म्हणून ती भिंतीवर आपटली. त्यानंतर इसाकने तो विषय काढला नाही.

पावसाळा संपता संपता स्वप्नील दुकानात आला. मोटारसायकल भावाने चालवत आणली होती, त्याला त्याने बाहेरच थांबवलं. डोळ्यांवर काळा चष्मा. अतिकने वेल्डिंगचा मुखवटा काढला आणि उभा राहिला. स्वप्नीलला आता अंतर नीट कळत नव्हतं, म्हणून त्याने आधी डाव्या हाताने अतिकचा खांदा चाचपला. मग उजव्या हाताने तोंडावर ठोसा मारला. अतिक लोखंडाच्या चौकटीवर जाऊन आदळला. स्वप्नीलने त्याला कॉलरला धरून उठवलं आणि आणखी एक मारला.

“मी हाक मारली होती.”

“ऐकली,” अतिक रक्त थुंकत म्हणाला.

“आला असतास तर डोळा वाचला असता.”

“कदाचित.”

“नाहीतर दोघंही मेलो असतो तिथं.”

“कदाचित.”

“सामना तर नक्कीच गेला असता.” स्वप्नील ऐरणीवर बसला. त्याची बोटं सोलली होती. “मी शंभर वेळा पाहिला तो. दर वेळी वाटतं, बरोबर केलंस. आणि दर वेळी वाटतं, उठायला पाहिजे होतंस.”

“मलाही,” अतिक म्हणाला.

खातून आतून धावत आली. मुलाचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, स्वप्नीलची बोटं पाहिली. “बस हो गया? या और मारना है?”

“झालं, चाची,” स्वप्नील म्हणाला.

तिने दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला.

नव्या मोसमात पंडित सरांनी स्वप्नीलला मदतनीस प्रशिक्षक केलं. बेंचवरच्यांचा सराव त्याच्याकडे आहे. तो सरांपेक्षाही निर्दय आहे, त्याच्या सरावात कुणी पडलं तर तो थांबत नाही. अल्तमश आता पहिल्या पाचांत आहे. अतिकचे गुडघे दुखतात, तरी सकाळी सहाला तो येतो. दोघं पहिल्यासारखे बोलत नाहीत, पण रोज बोलतात. वच्छलाबाई अजून अतिकशी बोलत नाही. होळीच्या सणाला तिने असोद्याहून सगळ्या संघासाठी पुरणपोळ्या पाठवल्या. स्वप्नीलने मोजून वाटल्या. स्वप्नील धरून बारा जण होते, पोळ्या अकराच निघाल्या. त्याने आपल्या वाटची अर्धी मोडली आणि अतिकच्या हातावर ठेवली.