बापूसाहेबांची दुर्बीण

रायफल क्लबात गोळ्या मोजून मिळतात, बोलण्याला मात्र कोटा नाही. आमच्या जबलपूरच्या क्लबात रविवारी सकाळी तासभर नेमबाजी होते आणि मग चहावर तीन तास गप्पा. मी तिथली मानद सेक्रेटरी. मीटिंगची वही माझ्याकडे असते आणि त्या वहीत जे लिहिता येत नाही, तेच क्लबचं खरं कामकाज, असं माझं मत आहे. गेल्या वर्षी क्लबात एक दुर्बीण आली आणि न लिहिण्यासारखं इतकं साठलं, की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

दुर्बीण बापूसाहेब सुभेदारांची. बापूसाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वडील नावाजलेले शिकारी. बापूसाहेबांचा हात बसला न बसला तोच सरकारने शिकार बंद केली. ती सगळी कसर त्यांनी गोष्टी सांगून भरून काढली.

कॅनडातल्या मुलाने त्यांना ही दुर्बीण पाठवली. खोक्यावर मोठ्या शिंगांच्या हरणाचं चित्र. समोरच्या वस्तूवर रोखून बटण दाबलं, की आत लाल आकड्यात अंतर दिसतं. पल्ला दोन किलोमीटर. आमच्या रेंजची लांबी पन्नास मीटर, आणि पुढे भिंत.

पहिला मान अर्थातच भिंतीला मिळाला. बापूसाहेबांनी बटण दाबलं आणि काचा पुसल्या. मग पांढरीपांडे सरांनी पाहिलं. सर गणिताचे निवृत्त मास्तर. बापूसाहेबांचे आकडे दुरुस्त करणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम.

“सत्तेचाळीस,” सर म्हणाले.

पुन्हा पाहिलं. सत्तेचाळीस. म्हणजे क्लबातले आजवरचे सगळे विक्रम तीन मीटर अलीकडून झालेले. भिंतीवरच्या फळ्यावर पाच जणांची नावं सोनेरी अक्षरात आहेत, आणि त्यातले चार जण तिथेच चहा पीत होते. तातडीची मीटिंग भरली. ठराव झाला: ‘सदर दुर्बीण क्लबच्या भिंतीकडे रोखू नये.’ सर तटस्थ राहिले, बाकी एकमत!

*

मग दुर्बीण बाहेरच्या जगाकडे वळली. आमचे राऊत रोज सकाळी पाच किलोमीटर चालायला जातात. म्हणजे तसं घरी सांगतात. एका रविवारी राऊतवहिनी त्यांना डबा द्यायला क्लबात आल्या, बापूसाहेबांनी कौतुकाने दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि वहिनींनी ती कोपऱ्यावरच्या पोहे-जलेबीच्या ठेल्याकडे वळवली. बाकावर राऊत बसले होते. वहिनींनी शांतपणे बटण दाबलं.

राऊत परतले तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “काहून हो, तुमचे पाच किलोमीटर तीनशे दहा मीटरवरच संपून राहिले का?”

राऊतांनी त्यानंतर ठेला बदलला. नवा ठेला क्लबच्या इमारतीच्या मागच्या बाजूला आहे.

*

पावसाळ्यानंतर शहरातल्या गढा भागातून फोन आला, टेकडीच्या खडकावर तेंदुआ, म्हणजे आपला बिबट्या, बसलाय. वनखात्याची गाडी यायला वेळ होता. बापूसाहेब दुर्बीण घेऊन पोचले. गल्लीतली माणसं गच्च्यांवर उभी. बापूसाहेबांनी सगळ्यांना मागे सरकवलं आणि हळू आवाजात सांगितलं, “दोनशे अडतीस यार्ड. मादी आहे. पोट भरलेलं आहे, घाबरू नका.”

अर्ध्या तासाने एक बाई टेकडीवर चढली, तेंदुआ उचलला, झटकला, घडी घातली आणि खांद्यावर टाकून निघून गेली. ठिपक्यांचं ब्लँकेट होतं.

गल्लीतला एक जण म्हणाला, “दादाजी, ये तो कंबल निकला.”

“अंतर बरोबर होतं,” बापूसाहेब म्हणाले.

*

या ब्लँकेटवरूनच पुढचं सगळं झालं. बापूसाहेबांची एक गोष्ट क्लबात प्रत्येकाला पाठ आहे. मझौलीच्या पुढे एक नाला आहे. अलीकडच्या काठावर सपाट खडक, पलीकडे मोहाचं झाड. झाडाखाली गावच्या बकऱ्या नेणारा तेंदुआ, खडकावर बापूसाहेबांचे वडील. एक गोळी, चारशे यार्ड. बापूसाहेब तेव्हा आठ वर्षांचे होते. वडिलांनी घरी येऊन बूट काढायच्या आत हे त्यांना सांगितलं.

ब्लँकेटची चेष्टा झाकायला त्या रविवारी बापूसाहेबांनी ही गोष्ट सुरू केली आणि सर म्हणाले, “बापूसाहेब, खडक अजून आहे ना? आणि झाड?”

“आहे की.”

“मग आता यंत्रही आहे.”

चहाचे कप थांबले. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. “चला,” ते म्हणाले. “चारशेला एक जरी कमी निघाला, तर पुन्हा शिकारीची गोष्ट सांगणार नाही. क्लबातही पाय ठेवणार नाही.”

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. बापूसाहेबांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. सोमवार ते शनिवार ते घरात एकटे असतात, आणि बोललेला शब्द फिरवत नाहीत. मला फार वाईट वाटलं.

पण जायचा दिवस काही ठरेना. आधी दुर्बिणीची बॅटरी संपली. मग धुकं आलं. मग गुडघा. मग पितृपक्ष, जो दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेला होता. शेवटी सरांनीच बाजारातून बॅटरी आणून त्यांच्या हातात ठेवली.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघं निघालो. गाडी मी चालवत होते. बापूसाहेब माझ्या शेजारी, सर मागे. सिहोऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा बापूसाहेब गाडीतच बसून राहिले. सर ठेल्यापाशी मला म्हणाले, “विजूताई, मी हे काय करून बसलो? हा माणूस बोलायचा थांबला तर रविवारी मी खोडून काय काढू?”

“मग परत फिरू या.”

“नाही हो. आता परत फिरलो तर तो समजेल, आपण दया करून राहिलो.”

खडक होता तिथेच होता. नालाही होता. पलीकडे मोहाचं झाड, खाली दोन बकऱ्या. मी झाडाकडे पाहिलं. तिथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

बापूसाहेब खडकावर उभे राहिले. थोडा वेळ झाडाकडे बघत राहिले. मग गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी सरांना दिली. “यार्डावर लावलेली आहे. तुम्हीच पाहा. मी पाहिलं तर म्हणाल, बापू खोटं सांगतो.”

सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. बराच वेळ ते तसेच उभे होते. ओठ तेवढे हलत होते.

“काय पाहून राहिले, सर? बोला ना,” बापूसाहेब म्हणाले.

सरांनी दुर्बीण खडकावर ठेवली.

“चारशे दोन,” ते म्हणाले.

बापूसाहेब पुढे आले. त्यांनी सरांचा हात हातात घेतला आणि दोन्ही हातांनी दाबला. मग खाली वाकून खडकाला हात लावला आणि गाडीकडे चालू लागले. त्यांची पाठ वळल्यावर मी दुर्बीण उचलली, झाडावर रोखली आणि बटण दाबलं. लाल आकडा आला. एकशे चौतीस.

परतीच्या वाटेवर बापूसाहेब मान टाकून झोपले. सिहोरा मागे पडलं तेव्हा मला राहवेना. सरांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, उत्तरापुढे फूट की मीटर ते लिहिलं नाही म्हणून निम्म्या जबलपूरचे मार्क कापले. हा माणूस खोटा आकडा सांगेल हे मला पटत नव्हतं.

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “सर, चारशे दोन काय?”

सर खिडकीबाहेर बघत होते. “फूट,” ते म्हणाले. “एकशे चौतीस यार्ड गुणिले तीन. आकडा चुकलेला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

मी हसू दाबलं आणि गिअर बदलला. शेजारी बापूसाहेबांनी मफलर नीट केला.

“सर,” ते डोळे न उघडता म्हणाले, “बाबाही मला फूटच म्हणाले होते.”