मावशीच्या पत्त्यावरची छत्री

दोन हजार दहाच्या आसपास आमच्या मादन हिप्परग्यात टीव्ही फक्त कन्नड बोलायचा. केबलवाल्याचं म्हणणं, गाव कर्नाटकात आहे तर मराठी कशाला? आम्ही घरात मराठी बोलतो, हा आमचा खाजगी मामला होता. म्हणून मराठी मालिका बघायला आई दर शनिवारी टमटमनं सरहद्दीपलीकडं धाकट्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या मावशीकडं, मुक्कामाला जायची.

त्या संध्याकाळी अप्पांना, म्हणजे वडिलांना, स्वतःच्या हातानं चहा करावा लागे. बैल सुटून दुसऱ्याच्या रानात शिरला तरी न चिडणारा हा माणूस शनिवार जवळ आला की चिडायचा. "मालिकाच बघायची न्हवं? मग मालिकाच घरात आणू. जाणं-येणं बंद," असं म्हणून त्यांनी मला पुण्याहून बोलावलं. मी तिथं कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसायचो. त्यामुळे गावातली प्रत्येक तार माझ्या खात्यात जमा होती.

मी लॅपटॉप आणि इंटरनेटचं डोंगल घेऊन आलो. रेंज घरात नव्हती, अंगणात नव्हती, ती कडब्याच्या गंजीवर होती. आईला शिडी लावून वर बसवलं. मालिकेतली सासू तोंड उघडायची आणि तशीच राहायची. आई शांतपणे म्हणाली, "बाई बोलंना की रे. मावशीकडं चांगली बोलती." शनिवारी ती टमटममध्ये बसलीच.

मग आळंदहून छत्रीवाला, म्हणजे टीव्हीची डिश बसवणारा, आला. त्यानं तेलुगू, तमिळ, मल्याळम अशी लांबलचक यादी ऐकवली. अप्पांनी विचारलं, "अन् मराठी?"

"पत्ता कर्नाटकातला हाय अण्णा, मराठी कुठनं येणार?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "महाराष्ट्रात कुणी पाव्हणे हायत का?"

आमच्या भागात हा प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर एकच. निम्मी सोयरीक पलीकडंच असते. सरकारनं रेघ मारताना आम्हाला विचारलं नव्हतं, आम्ही छत्री बसवताना सरकारला विचारलं नाही. कागदावर मावशीचा पत्ता, छत्री आमच्या माळवदावर. आईनं मात्र कधी नव्हे ती कायद्याची बाजू घेतली. "खोटं कामून लिहायलाव? पोलीस येतील की!"

"छत्रीला काय कळतंय ती कुण्या राज्यात हाय," अप्पा म्हणाले.

छत्री लागली. चित्र लख्ख आलं, सासू घडाघडा बोलू लागली आणि अप्पा सगळ्या गल्लीला बोलावून दाखवू लागले. पुढच्या शनिवारी आई घरीच होती. टीव्हीकडं पाठ करून ती भाकरी थापत होती. इतक्या खटपटीनं आणलेल्या मालिकेकडं तिनं मान वळवून पाहिलं नाही. मला तिचा रागच आला.

मी पुण्याला परतलो आणि छत्री बिघडली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी पाटी यायची, ती वाचणारं घरात कुणी नव्हतं. अप्पांनी कंपनीला फोन लावला, तर आमच्या मोबाइलवरून तो बंगळूरला लागायचा आणि तिथली बाई कन्नडमध्ये सांगायची, हे गिऱ्हाईक महाराष्ट्राचं आहे, तिकडून बोला. मावशीला कळवलं, तर ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळंना दाजी. अक्काला पाठवा." अप्पांनी स्वतः आईला टमटममध्ये बसवलं. रविवारी ती परतली आणि छत्री सुरू झाली. पुढं छत्री वारंवार बिघडू लागली. बिघडायची शनिवारीच, आणि आई जाऊन आली की सुधारायची. अप्पा मला फोनवर सांगायचे, "तुझ्या आईला त्या कंपनीत लई मान हाय."

दिवाळीला मी गेलो तेव्हाही ती बंदच होती. मी टीव्हीखालचा छत्रीचा डबा उलटा केला. ज्याच्यावर चॅनेल दिसतात ते आतलं कार्ड जागेवर नव्हतं. पाटीवर तेवढंच लिहिलं होतं, कार्ड घाला. बाहेर आई टमटमची वाट बघत ओट्यावर उभी होती, पदराच्या गाठीवर हात ठेवून.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "मालिकेत आता काय चाललंय गं?"

"कुणाला ठाव? तिथं टीव्ही लावतंय कोण? आमी दोघी बोलत बसताव."

तेवढ्यात आतून अप्पा ओरडले, "काय झालंय रे त्या डब्याला?"

"मोठा बिघाड हाय अप्पा," मी म्हणालो. "ह्या टायमाला तिला चार दिवस राहावं लागंल."