ओटीत घातलेली लेक

चंदाला कोणी विचारलं, लेकरं किती, की ती "दोन" म्हणे आणि लगेच हातातल्या कामाकडे वळे. राज्याच्या सीमेपलीकडे, बेल्याजवळच्या त्या गावात तिचं हे खोटं बहुतेकांना ठाऊक होतं. पण गाव असल्या बाबतीत भलतं समजूतदार असतं, झाकली मूठ कुणी उघडत नाही.

सात वर्षांपूर्वी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा नवरा गोपाल सरपंच व्हायला गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. दोनाहून जास्त लेकरं असली तर तेव्हा पंचायतीला उभं राहता येत नसे, आणि भूषण न् पंकज घरात होतेच. चंदाला मुलीची हौस होती, पोट पाडायला ती काही केल्या तयार होईना. मग गोपालनं तोड काढली. पैनगंगेपलीकडे दिलेली त्याची बहीण सोनाबाई, तिची कूस रिकामी. चंदानं तिकडं बाळंत व्हावं आणि बाळाला सोनाबाईचं नाव लागावं.

"दाखवण्यापुरतं वं," तो म्हणाला. "माही सरपंची सरली का आपली पोर आपल्या घरी."

मुलगीच झाली. सोनाबाईच्या सासरची माणसं जमवून, तांदूळ-नारळासकट, चंदानं आपल्या हातानं लेक नणंदेच्या ओटीत घातली. ओटीत घातलेलं परत मागत नसतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याचा शब्द तिला रीतीपेक्षा पक्का वाटला. बायका इथंच फसतात, आणि वर जग त्यांनाच विचारतं, तुला अक्कल नव्हती का म्हणून.

गोपाल निवडून आला. पोरीचं नाव प्रगती ठेवलं, ती तिकडंच वाढली. दिवाळीला चंदा जाई, पोर तिला 'मामी' म्हणे आणि चंदा हसून ओ देई. सरपंची संपली तरी गोपाल म्हणे, पुन्हा उभं राहायचं हाय, जरा दम धर.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत तो नियमच उठला. चहा पिता पिता गोपालनंच खुशीत सांगितलं, "आता कितीबी लेकरं असू दे, उभं राहता येते." चंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती म्हणाली, "मंग उद्याच आणू पोरीले." तो कप ठेवून बाहेर निघून गेला. दोन दिवस वाट पाहून ती एकटीच नदीपार गेली.

सोनाबाईनं तिला पाणी दिलं आणि तिचं बोलणं ऐकून घेतलं.

"वयनी, दादानं तुमाले सांगतलं नाही? घरचे मले टाकून दुसरी बायको करायले निघाले होते. तुमाले दिवस गेले तवाच दादानं इथं येऊन माह्या सासऱ्याले शब्द देला, हे लेकरू कायमचं तुमचं. वयनीची राजीखुशी हाय म्हणे."

चंदाला भांडायचं होतं, पण भांडायचं कुणाशी? सोनाबाई खोटं बोलत नव्हती. तेवढ्यात प्रगती शाळेतून आली, पाया पडली. चंदा कशीबशी बोलली, "येतं का माह्यासंग, बाई?"

"येतो ना!" पोर हरखली. "पण मामी, परत कवा आणून सोडशीन?"

चंदा तशीच उठली.

घरी आल्यावर ती गोपालवर तुटून पडली. तो शांतपणे म्हणाला, "बहिणीचा संसार वाचवला म्या. तुले विचारलं असतं तं तू हो म्हणली असती काय?"

"नसती म्हणली!"

"म्हून तं नाही विचारलं."

आठवड्यानं प्रचार सुरू झाला. बायको संगं नसली तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यानं दहा जणांदेखत तिला हाक मारली, आणि ती मुकाट्यानं निघाली. पहिलंच दार म्हाताऱ्या बयनाबाईचं. तिनं कुंकू लावता लावता सहज विचारलं, "लेकरं किती वं तुले?"

"तीन," चंदा म्हणाली. मागच्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

मग गोपाल हात जोडूनच खो खो हसला. "आता चालते ना मावशी, तीन असले तरी!" मागचेही हसले.

"चालते ना?" चंदा म्हणाली. "मंग आणा तिले."

गोपाल तसेच जोडलेले हात घेऊन पुढच्या दाराकडे वळला.