दारातली खाच

त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन मापायचं सुताराचं हत्यार, आणि हा माणूसही तसाच, सरळ नाकासमोर चालणारा. नको इतका सरळ, असं माझं मत. कडी कुठे बसवायची ते सांगा, कशासाठी ते सांगू नका. आपण बरं की आपलं काम बरं. अशी माणसं आपल्याला फार आवडतात. त्यांच्या हातून काय काय होऊन जातं, ते मात्र कोणी बघत नाही.

बापाकडून त्याला एक सवय लागली होती. कडी बसवायची तर आधी लाकडात खाच पाडायची, आणि वर पट्टी चढवण्यापूर्वी त्या खाचेत पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, आणि काम कोणी सांगितलं. बाप म्हणायचा, "उद्या काही वाकडं निघालं की माणसं कानांवर हात ठेवतात. लाकडाला हात नसतात."

चौतीस वर्षांपूर्वी बिशपसाहेबांनी त्याला एका चर्चमध्ये बोलावलं. त्या भागातली सगळी चर्चं आणि सगळे फादर त्यांच्या हाताखाली. एवढ्या मोठ्या माणसानं कडीसारख्या कामासाठी स्वतः उभं राहावं, याचं गुण्याला नवल वाटलं. वेदीमागे फादरांची कपडे बदलायची लहानशी खोली होती. तिच्या दाराला आतून कडी हवी होती. गुण्यानं छातीशी खूण केली. बिशपसाहेबांनी मान हलवली आणि बोट स्वतःच्या कपाळाशी नेलं.

"इथे."

"एवढ्या वर, साहेब?"

"मुलं खेळता खेळता आतून लावून घेतात."

पटण्यासारखं होतं. गुण्यानं खाचेत लिहिलं आणि कडी बसवली.

दीड वर्षानं त्या चर्चच्या फादरांची बदली झाली आणि पुन्हा बोलावणं आलं. नव्या चर्चमध्ये तशीच कडी, तितकीच वर. जुन्या दाराची काढून टाकायची, मागमूस राहता कामा नये. गुण्या जुन्या दाराशी गेला तर खाली, त्याच्या कमरेच्या उंचीवर, आतल्या बाजूनं ओरखडे होते. चार-चार, शेजारी शेजारी.

"मांजर कोंडलं गेलं होतं," बिशपसाहेब मागून म्हणाले.

त्यानं काही विचारलं नव्हतं.

त्यानं खाचेत दुसरी ओळ लिहिली, वर मापाचा लाकडी तुकडा चिकटवला, ओरखड्यांत सरस आणि भुसा कालवून भरला, काचपेपर फिरवला, पॉलिश केलं. हात असा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळू नये. पुढे फादरांची आणखी एकदा बदली झाली आणि दुसऱ्या चर्चच्या दारावरही मांजर निघालं. तिसऱ्याच्याही. त्या तिन्ही आवारांत गुण्याला कधी मांजर दिसलं नाही.

तिसऱ्या चर्चमध्ये त्याच्या बहिणीची मुलगी गायला जायची. आठ वर्षांची. त्या वर्षी तिनं घरातली दारं लावायचं सोडलं, न्हाणीघराचंसुद्धा. "मामा, ही कडी काढून दे ना," म्हणाली, आणि त्यानं हसत हसत काढून दिली. जेवायला बसली की ती टेबलाच्या कडेवर नखं घासायची. तो आवाज ऐकला की गुण्या ताट अर्धं ठेवून उठायचा. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

आता भाची अडतीस वर्षांची झाली होती. फादर केव्हाच मरून गेले होते, बिशपसाहेब अजून होते. सरकारनं चौकशी समिती नेमली तेव्हा ती सभागृहात उभी राहिली आणि तिसऱ्या चर्चच्या त्या खोलीत आपल्यावर काय झालं ते सगळ्यांदेखत बोलली. "आतून वर कडी होती. माझा हात पोचायचा नाही. आणि वरच्यांना ठाऊक असल्याशिवाय असा माणूस चर्चमागून चर्च फिरतो का?"

म्हातारे बिशपसाहेब शांतपणे म्हणाले, "आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. त्या दाराला आतून कधीच कडी नव्हती. हवं तर जाऊन पाहा."

समितीची माणसं गेली, हात फिरवून आली. दार गुळगुळीत होतं. "बिचारीला भास होत असतील," मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. त्याच बाकावर गुण्या बसला होता. आपल्याच हाताच्या सफाईनं भाची खोटी पडताना तो पाहत होता.

तो उठला आणि समितीच्या प्रमुख बाईंपाशी गेला. "बाई, ते दार इथे आणा. काम माझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सभागृहात आलं. दोन टेकू लावून मधोमध उभं केलं. चौकट नाही, भिंत नाही, नुसतं दार. तरी त्याच्या मागच्या खुर्च्यांवर कोणी बसेना.

गुण्यानं कपाळाच्या उंचीवर पटाशी लावली. तुकडा सुटून खाली पडला. प्रमुख बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. दोन तारखा होत्या. पहिलीपुढे: 'कडी बसवली. बिशपसाहेबांनी सांगितलं.' दुसरीपुढे: 'कडी काढली, खालचे ओरखडे बुजवले. बिशपसाहेबांनी सांगितलं.'

"ओरखडे कसले?" बाईंनी विचारलं.

गुण्या खाली वाकला. पटाशीच्या टोकानं त्यानं जुना भुसा कोरायला घेतला. खर्र, खर्र. पहिल्या रांगेत भाचीनं बोटं मुठीत मिटून घेतली. भुसा झडत गेला आणि एकेक रेघ वर आली.

"साहेब म्हणाले होते, मांजर."

"आणि तुम्हाला काय वाटलं होतं?"

गुण्यानं पटाशी खाली ठेवली. "मी विचारायच्या आधीच म्हणाले, बाई. मांजर नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं."

बिशपसाहेब जमिनीकडे बघत होते. भाची उठून दारापाशी आली. रेघांच्या उंचीला यायला ती गुडघ्यांवर बसली आणि बोटं त्या रेघांवर ठेवली. रेघा इतक्या जवळ जवळ होत्या की चारांत तिची दोनच बोटं मावली.

"हे भरलं कोणी होतं, मामा?" तिनं मागे न बघता विचारलं.

"मी," तो म्हणाला.

कोणाच्या सांगण्यावरून, ते वर लिहिलेलं होतं आणि अख्ख्या सभागृहानं ऐकलं होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं.