देवाच्या लाइनवरच्या काकू

आमच्या बालाघाटात देवाशी बोलणारे ढीगभर आहेत. पण देव काय बोलला ते कान देऊन ऐकणारी एकच बाई होऊन गेली, ती म्हणजे आमच्या ऑपरेटरकाकू. प्रार्थनासभेत कुणावर पवित्र आत्मा उतरला आणि तो माणूस पृथ्वीवर कुणालाच न कळणाऱ्या भाषेत सुटला, की काकू डोळे मिटायच्या, उजवा तळवा कानावर घट्ट दाबायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हां, बोला!" हे त्या माणसाला नसायचं, वर असायचं. मग शांतपणे उठून त्या अर्थ सांगायच्या.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल जोडायच्या. आवाज असा, की तार तुटलेली असली तरी तिरोडीच्या खाणीवरचा साहेब खिडकी उघडून त्यांचा निरोप घ्यायचा. लाइन खरखरायची तेव्हा इकडचं बोलणं तिकडे स्वतःच्या तोंडानं पोचवायच्या. त्या कामाचा एकच धर्म त्यांनी पाळला. "इकडचं तिकडं द्याचं. मधात आपलं काही टाकाचं नाई. टाकलं त कोनाचं लगन मोडते, कोनाचा बाप जित्तेपणी मरते."

आता मी तिथं काय करत होतो? मी ढोलक वाजवत होतो. आमचं घर गणपती बसवणारं, पण त्या ख्रिस्ती मंडळीत ताल धरणारा कुणी नव्हता आणि काकू आमच्या शेजारी. त्यांनी मला कुंपणावरूनच उचललं. माझा धर्म कुणी विचारला नाही, दादरा येतो का एवढंच विचारलं. वर सभेनंतर केक मिळायचा. इतक्यावर तर मी कुठेही वाजवतो.

बायबलात संत पौलानं म्हणे लिहून ठेवलंय, की अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीनं. आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. पण आमच्या मंडळीत पौलाचं ऐकतो कोण! एकाला लागलं की सगळ्यांना लागायचं. एकदा असा कल्लोळ उठला, की पत्र्यावरची माकडं बिस्तर गुंडाळून बैहरच्या जंगलात परत गेली, ती अजून आलेली नाहीत. काकू मधोमध उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. "एका टायमाले एकच! लाइन एक हाय, बोलणारे पन्नास! देवाचं डोकं हाय का एक्स्चेंज हाय?" आणि खाली बसताना मला ऐकू येईल इतपत पुटपुटायच्या, "देवाची कृपादानं एवढी हायेत, पन सगळ्याईले भाषाच पाह्यजे. भांडे घासाचं कृपादान कोनी मांगत नाई."

वारासिवनीचे एक राइसमिलवाले भाऊ होते. सभेच्या हॉलवरचा पत्रा त्यांनीच घालून दिलेला. त्यांना भाषा सुटली की मिलचा पट्टा फिरल्यासारखी फिरायची, थांबायचं नाव नाही. काकूंनी कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाल्या, "लाइन लागलीच नाई. बसा भाऊ." पास्टरचा चेहरा पांढराफटक. मागून काकूंच्या हातापाया पडले, "काकू, कुछ भी बोल देते! आशीष है, शांति है, कुछ भी!"

"काहून बोलू? मी ऑपरेटर हाय, भाट नोहो."

खरं सांगायचं तर माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. मला वाटायचं, बाई हुशार आहे, सोयीचं ते सांगते. एकदा तर एका ताईच्या तोंडून आत्मा बोलला आणि काकूंनी अर्थ सांगितला, "ढोलक पळून राह्यला, थोडा धीमा कर." भर सभेत! स्वर्गात बसलेल्याला माझी लय दिसते? मी पुढचे दोन आठवडे फुगून केक खाल्ला नाही. म्हणजे तिथं खाल्ला नाही, घरी नेला.

मग रायपूरकडचे एक पाहुणे प्रचारक भाई आले. पांढरे बूट, स्वतःचा माइक, स्वतःचा स्पीकर, आणि आवाज असा की स्पीकरनंच कानावर हात ठेवावेत. सभेला बैहरचा एक जीपवाला आपली पोर खांद्यावर टाकून घेऊन आला. पोर तापानं फणफणलेली, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. बैहरकडचा ताप कसा असतो ते आम्हाला ठाऊक आहे. वाट पाहत नाही. डॉक्टरकडे नेलं का, विचारलं तर बाप म्हणाला, "भाईजी ने कहा है, दवा का मतलब अविश्वास." प्रार्थना झाली की पोरीला घेऊन तो परत जंगलातल्या गावी जाणार होता.

भाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाषेत सुटले. मी ढोलक थांबवला. शेवटी घाम पुसून त्यांनी काकूंकडे वळून म्हटलं, "बहनजी, अर्थ बताइए. चंगाई हो गई ना?" म्हणजे प्रार्थनेनं पोर बरी झाली ना.

काकू उठल्या. हात कानावर नव्हता. डोळे उघडे होते.

"प्रभु कह रहे हैं, बच्ची को इसी वक्त सरकारी दवाखाने ले जाओ. सुई लगवाओ, बोतल चढ़वाओ. और जिस भाई ने प्रार्थना की है, वो अपनी गाड़ी में ले जाए. रास्ते में एक शब्द ना बोले."

भाई थिजले. "इतना सब... मैंने कहा?"

"आपने नहीं. आपके मुँह से कहा गया."

आता भाई काय करणार? अर्थ खोटा म्हणावा, तर आपलीच भाषा देवाची नाही असं होतं. गाडी निघाली. बाप पोरीला घेऊन मागे बसला, काकू पुढे बसल्या, आणि पाहुणे भाई आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यापर्यंत गप्प राहिले. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली नसती.

पुढच्या सभेत सगळे काकूंच्या पाया पडायला धावले. कुणीतरी भाषेत बोललं, सगळ्यांनी माना वळवल्या. काकू बसूनच राहिल्या. पास्टरनं विनवलं, राइसमिलवाल्यांनीसुद्धा विनवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्याकडून आता होनार नाई. दुसरं कोनी पाहा." त्यानंतर त्यांनी कधीच अर्थ सांगितला नाही. दर रविवारी येऊन मागच्या सतरंजीवर बसायच्या आणि गाणी म्हणायच्या, बस्स.

तेव्हा कुठे माझ्या जाड टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मला वाटायचं, ही बाई सगळं मनचं सांगते. मनचं सांगितलं होतं ते फक्त त्या एका दिवशी, आणि त्यासाठी काकूंनी स्वतःच स्वतःला लाइनवरून काढून टाकलं होतं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्याआधी आजारपणात मी केक घेऊन गेलो होतो. न राहवून विचारलं, "काकू, एक सांगा. त्या दिवशी आत्मा खरंच काय बोलला होता?"

काकूंनी केकचा तुकडा तोडला, चावला, पाणी प्यायल्या.

"मले काय मालूम बापू? मी ऐकलंच नाई. मी त्या पोट्टीच्या ओठाकडे पाहून राह्यली होती."