दाराजवळची खुर्ची

प्रशिक्षणाची खोली झाडणाऱ्या मावशी वर्षातून दोनदा आठ वर्षांची मुलगी व्हायच्या. घरातच छळ सोसलेल्या मुलांशी कसं बोलायचं, ते डॉक्टरांनी आधी मावशींशी बोलून शिकायचं, अशी तिथली पद्धत होती.

तरुण डॉक्टरला हा पोरखेळ वाटला. सुवर्णपदकवाला गडी तो, झाडूवाल्या मावशींकडून काय शिकणार? मुलीची दिलेली माहिती वाचून त्याने कागदावर आधीच लिहून टाकलं: झोप नाही, धास्ती, अंथरूण ओलं होणं. तीन तक्रारी, तीन उपचार. मग मुलीला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याने दाराला कडी घातली आणि तिथेच खुर्ची ओढून दाराकडे पाठ करून बसला.

कडी वाजली मात्र, साठीच्या मावशी त्याच्या डोळ्यांदेखत एवढ्याशा झाल्या. गुडघे पोटाशी, नजर दारावर खिळलेली. त्याने जंग जंग पछाडलं, पण त्या बोलेनात. न राहवून त्याने उठून दार सताड उघडलं आणि आपली खुर्ची वाटेतून बाजूला घेतली.

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला, "मी झोपले की कडी वाजते."

त्याने कागद पाहिला. तिन्ही तक्रारी त्या एका कडीला लटकलेल्या होत्या.

वर्ग संपल्यावर त्याने विचारलं, "मावशी, इतकं हुबेहूब कसं जमतं हो तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? माझं दार तेव्हा कुणी उघडलंच नाही," झाडू उचलत मावशी म्हणाल्या. "तुम्ही लवकर उघडलंत हो. तुमच्या मोठ्या सरांना, ते इथे शिकायला होते तेव्हा, तीन दिवस लागले होते."