पायरीवरची सही
गुलाबपाण्याचा वास आला की मला गुजरातेतल्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सजवळचा तो हॉल आठवतो. तिथे आम्ही काही जणी मुलींसाठी मोफत अभ्यासवर्ग चालवायचो. नव्या कॉम्प्युटर क्लासच्या फॉर्मवर आठवडाभरात पालकांच्या सह्या हव्या होत्या, आणि सभा म्हटली की आया काही फिरकायच्या नाहीत. म्हणून मीच शक्कल लढवली, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवू आणि तिथेच सह्या घेऊ. हॉल गच्च भरला. तिळगूळ, गुलाबपाणी, वाणाला स्टीलच्या वाट्या, सगळं झोकात. फक्त वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचा फॉर्म कोरा राहिला. "आई कुठंय गं तुझी?" "बाहेर पायरीवर बसलीय. पप्पा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला आत येत नाही." तिचे वडील गेल्याचं मला माहीत होतं, तरी निमंत्रण मीच लिहिलं होतं. मी फॉर्म घेऊन बाहेर गेले. तिच्या आईने तो गुडघ्यावर ठेवून गुजरातीत सही केली. मी ओशाळून वाटी पुढे केली, तर म्हणाली, "वाण राहू द्या, बेन. वही असेल तर द्या." आता आमच्या सभेला नुसता चहा असतो. तरी सुरू करण्याआधी मी एकदा पायरीवर बघून येते.